मुन्शीजींचा 'वलद'

कचेरीत कागद गहाळ होतो, शिक्का गहाळ होतो. एकदा तर साहेबांची खुर्चीच गहाळ झाली आणि चार दिवसांनी समोरच्या हॉटेलात गल्ल्यामागं सापडली! पण किस्सा मात्र कधी गहाळ होत नाही. तो कुठल्या तरी कोपऱ्यात पडून राहतो आणि माणूस रिटायर झाला की एकेक करून बाहेर येतो. माझं आता तेच चाललंय. सकाळी चहा घेतला की एक आठवतो, तो सांगून होईपर्यंत दुसरा मागं उभाच असतो. घरातली मंडळी हल्ली मला बघितलं की लगबगीनं कामाला लागतात. म्हणून म्हटलं, तुम्हालाच सांगावं.

हे सगळे किस्से एका शब्दाभोवतीचे आहेत. शब्द अरबी आहे, पण आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात कुणालाही नवा नाही. 'वलद'! आपल्याकडच्या जुन्या कागदावर माणूस एकटा कधी येतच नाही, बापाला सोबत घेऊन येतो. 'गणपती वलद मारुती.' म्हणजे मारुतीचा गणपती. एवढंच मलाही ठाऊक होतं. बाकीचं सगळं मुन्शीजींनी शिकवलं.

मुन्शीजी म्हणजे व्यंकटराव मुन्शी. धोतर, काळी टोपी, कपाळाला गंध, आणि तोंडात अस्सल हैदराबादी उर्दू! निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतच होती, त्यामुळं त्या पिढीतल्या शिकलेल्या माणसांचं तसंच असायचं. मुन्शीजी मात्र त्याही पुढं गेले, हैदराबादेत राहून अरबीचं व्याकरण शिकून आले. आमच्या तालुक्याच्या कचेरीत रेकॉर्ड रूम होती. तिथं लाल कापडात बांधलेले निजामाच्या काळचे बस्ते छतापर्यंत रचलेले. सगळे उर्दूत. आणि ते वाचणारा अख्ख्या कचेरीत एकच माणूस.

बहात्तरच्या दुष्काळात एकदा साहेब रेकॉर्ड रूममध्ये आले, वर बघितलं आणि म्हणाले, "मुन्शीजी चार वर्षांनी रिटायर होणार. त्यांच्यामागं हे वाचणार कोण? लोकांची घरंदारं, शेतंशिवारं सगळी ह्यात बांधून पडलीत. कुणीतरी शिकून घ्या बाबांनो, न्हाय तर हे सगळं मुकं होईल!"

शिकणारे तिघं निघाले. एक मी, सरवदे, नवा कारकून. दुसरा शिवलिंग बिराजदार, मुरुमचा, माझ्याच बरोबरीचा. आणि तिसरे चांदभाई शिपाई. ते का बसले हे पुढं सांगतो.

*

मुन्शीजींची पद्धत अशी. दुपारी डबे संपले, रेशनच्या मिलो ज्वारीची लालभडक भाकरी कशीबशी पाण्याबरोबर घशाखाली गेली, की बाद झालेल्या फॉर्मची मागची कोरी बाजू पुढ्यात घ्यायची. रोज एक शब्द.

पहिल्या दिवशी 'वलद' घेतला, तो अकरा दिवस संपला नाही!

"शब्द म्हणजे बाजारातली वांगी आहेत का, उचलली की पिशवीत टाकली?" मुन्शीजी म्हणायचे. "शब्दाचं घराणं बघावं लागतं. वलद म्हणजे जन्माला आलेलं. मुलगा असो, मुलगी असो, अरबी दोघांनाही वलदच म्हणते. बरेच झाले की औलाद. जन्म देणारा तो वालिद, देणारी ती वालिदा. दोघं मिळून वालिदैन. अरबीत एकाचं रूप वेगळं, दोघांचं वेगळं, आणि तिघांपासून पुढं सगळी गर्दी!"

शिवलिंगनं हात वर केला. "मुन्शीजी, औलाद ही शिवी न्हाय व्हय? आमच्या मुरुमात तर भांडनातच काढतेत!"

"शिवलिंगमियाँ, शब्द खानदानी आहे. तुमच्या बाजारात जाऊन त्याची संगत बिघडली."

मग विलादत म्हणजे जन्म, मौलूद म्हणजे जन्मलेला, मीलाद म्हणजे जन्माची वेळ. एकेका रूपापायी एकेक दुपार. नवव्या दिवशी मुन्शीजींनी 'तवल्लुद' असं लिहिलं मात्र, चांदभाईंनी हातच जोडले.

"मुन्शीजी, बच्चा पैदा हुआ, बडा हुआ, उसकू बच्चे हुए. अब तो दूसरा लफ्ज लेव!"

*

मुन्शीजींना सगळं येत होतं, मराठी लिहिणं सोडून. बोलायचे फाकडू, पण मराठीत चार ओळी लिहायच्या म्हटल्या की कपाळावर घाम. किराण्याची यादीसुद्धा उर्दूत! ती त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, वाचता येत नसे. काकू यादी पदराला बांधून रहीमशेठच्या दुकानात न्यायच्या, रहीमशेठ वाचून सामान बांधून द्यायचे. आपण काय आणलं हे काकूंना घरी पुड्या सोडल्यावर कळायचं.

एकदा मुन्शीजी भाच्याच्या लग्नाला हैदराबादला गेले आणि तिथून त्यांनी काकूंना पोस्टकार्ड टाकलं. काकूंनी ते नेहमीच्या सवयीनं रहीमशेठच्या पुढ्यात ठेवलं. दुकानात दहा-बारा गिऱ्हाईकं.

रहीमशेठनी खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. "इथं सर्व खैरियत आहे. लग्न थाटात झालं. पाहुण्यांची सरबराई उत्तम. परंतु तुमच्याविना..." आणि थांबले.

"थांबला का?" काकू म्हणाल्या. "वाचा की."

रहीमशेठनी कार्ड हळूच उलटं करून काकूंच्या पुढं सरकवलं. "वहिनी, पुढचं मुन्शीजींच्या तोंडूनच ऐका. हितं गिऱ्हाईक बसलंय."

पुढच्या सोमवारी आमच्या दुपारच्या वर्गात चौथी पाटी आली! काकू दारात उभ्या. मुन्शीजींकडं न बघता मला म्हणाल्या, "अहो सरवदे, ह्यांना सांगा, मला अख्खं उर्दू नको. पोस्टकार्डापुरतं शिकवा!"

*

आता चांदभाई. पिळदार मिशा, खाकी ड्रेस, आवाज तर असा की कचेरीत बोलले तर एसटी स्टँडवरची माणसं वळून बघायची. त्यांची अडचण एकच. उर्दूचा कागद घेऊन जो माणूस कचेरीत यायचा तो थेट चांदभाईंकडं जायचा. चांदभाईंना उर्दू यायचंच, असा सगळ्यांचा समज. आणि चांदभाईंना तर कुठलीच अक्षरओळख नव्हती!

पण नाही कसं म्हणायचं? कागद हातात घ्यायचे, लांब धरायचे, जवळ धरायचे, गंभीरपणे मान हलवायचे आणि म्हणायचे, "कागद लई पुराना हाय. नाजूक मामला हाय. मुन्शीजींनाच दाखवा." वर्गात येऊन बसले ते याच लाजेपायी.

सुनावणीच्या दिवशी मात्र कचेरीचे राजे तेच. दारात उभं राहून पुकारा करायचे. "भानुदास वलद तुळशीराम, हाजिर है!" माणूस झाडाखालून धावत यायचा.

मग एक नवे साहेब आले, तिकडचे, पुण्याकडचे. त्यांना हे 'वलद' काही रुचेना. "चांद, निजाम जाऊन किती वर्षं झाली? वलद बंद. सरळ मराठीत बोलायचं. वडिलांचं नाव, असं म्हणायचं."

"जी साहेब."

त्याच दिवशी चांदभाईंनी छाती भरून आवाज दिला. "दत्तू! वडिलांचं नाव मल्हारी! हाजिर है!"

दत्तू आला. साहेबांनी कागद काढले. तेवढ्यात दाराशी गलबला झाला. दोघा माणसांनी बखोटीला धरून एक म्हातारा आत आणला. नव्वदीला टेकलेला, डोळ्यांनी अधू, धापा टाकतोय. बाजारासाठी म्हणून पोराच्या बैलगाडीतून आलेला, चिंचेखाली निजला होता बिचारा.

"कोण हे?" साहेब म्हणाले.

म्हाताऱ्यानं हात जोडले. "म्या मल्हारी, सरकार. माजंबी नाव पुकारलं. म्या काय केलंय?"

साहेबांनी म्हाताऱ्याला स्वतःच्या हातानं पाणी दिलं, खुर्ची दिली. मग चांदभाईंकडं वळून हळूच म्हणाले, "चांद, तुझं जुनंच चालू दे."

*

दुष्काळात कचेरीतल्या निम्म्या माणसांची पाठवणी खडी फोडायच्या कामांवर झाली होती. शिवलिंगला हजेरीपट लिहायला धाडलं. उन्हाचा रखरखाट, बाया घण घालतायत, लेकरं सुकडीच्या खाऊसाठी रांगेत उभी. असलं सगळं बघून माणूस गपगार होईल. पण शिवलिंगच्या डोक्यात मुन्शीजींचा वर्ग ताजा होता!

पुरुषांच्या नावापुढं त्यानं 'वलद' लिहिलं. बायांपाशी आला आणि अडला. मुन्शीजींनी नुकतंच सांगितलं होतं, उर्दू कागदात अमक्याची मुलगी म्हणायचं तर 'बिंते'. झालं! पठ्ठ्यानं एकशेसाठ बायांच्या नावापुढं ठसठशीत 'बिंते' लिहून काढलं. भागीरथी बिंते, रुक्मिण बिंते, चंद्रभागा बिंते. पुढं बापाचं नाव लिहायला रकान्यात जागाच उरली नाही, ते राहिलं.

आठ दिवसांनी बांधकामाचे इंजिनियर पट तपासायला आले. खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बिराजदार, हे बिंते लोक कुठले?"

"हितलेच की साहेब."

"अरे पण किती मोठं खानदान आहे! ह्यांच्या घरातली सगळीच बाईमाणसं खडीवर? पुरुष काय करतात ह्यांचे?"

शिवलिंग तोंड पाडून आला आणि मुन्शीजींना सगळं सांगितलं. मुन्शीजी एवढे हसले, एवढे हसले की टोपी पडली. त्या वर्षात हसायला फार काही नव्हतं हो. टँकर आला की घागरी घेऊन पळायचं, उरलेला वेळ आभाळाकडं बघायचं. पण त्या दुपारी आम्ही पोट दुखेस्तोवर हसलो, हे मला अजून आठवतं.

*

एक माझाही सांगतो. ह्यात हसण्यासारखं काही नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझं गाव जळकोटजवळ. आमची घरं गावकुसाबाहेर. वडिलांनी छप्पन्नात दीक्षा घेतली आणि मला शाळेत घातलं. घरात पहिला सरकारी नोकर मी. आमच्या आज्याविषयी मला एवढंच ठाऊक, की त्याचं नाव राणबा, त्याच्या बापाचं सखाराम, आणि तो लवकर गेला.

एके दिवशी मुन्शीजींनी एक बस्ता माझ्यापुढं सोडला. "सरवदे, हे तुमच्या गावचं. आज तुम्ही वाचा, मी ऐकतो."

दोन गावांच्या शिवेचं भांडण होतं. मी एकेक अक्षर लावत चाललो. जबाब कुणाचा? 'राणबा वलद सखाराम.' मी बोट ठेवून परत वाचलं. पुढं लिहिलं होतं, या माणसानं दाखवली तीच हद्द दोन्ही गावांनी कबूल केली.

मुन्शीजींनी डब्यातला गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि स्वतः उठून खिडकीपाशी गेले. आमच्या दोघांच्या डब्यात तोवर कधी देवाणघेवाण झालेली नव्हती. त्यांच्या घरी सोवळं कडक होतं. त्या दिवसानंतर माझी चटणी ते हक्कानं मागून घ्यायचे.

रविवारी घरी जाऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "माज्या बापाच्या शब्दावर शीव ठरली?" म्हटलं, व्हय. "सरकारात लिवलंय?" म्हटलं, लिवलंय. वडील पटका बांधून निघाले. दुपार झाली तरी पत्ता नाही. आई दारातून बघत होती. "भाकरी गार झाली. ह्यो गडी सकाळधरनं शिवंच्या दगडावर बसून काय करतोय, कळंना!"

*

दुष्काळ सरला आणि सोसायट्यांचे दिवस आले. दुधाची सोसायटी, सुताची सोसायटी, कोंबड्यांचीसुद्धा सोसायटी! पाऊस पडो न पडो, सोसायटी उगवायचीच. आणि प्रत्येक सोसायटीला एक चेअरमन. असेच एक चेअरमन जीपमधून उतरून आमच्याकडं आले. पांढरी टोपी, मागं चार माणसं.

"मुन्शीजी, आपलं घरानं मूळचं देशमुखाचं, असं म्हातारे सांगत्यात. कागद काढा. हापिसात फ्रेम करून लावायचाय."

मुन्शीजींनी तीन दिवस बस्ते उपसले. चौथ्या दिवशी चेअरमन आले, तेव्हा कागद तयार होता.

"सापडला?"

"सापडला. तुमचे वालिद, त्यांचे वालिद, त्यांचेही वालिद. देशमुखांच्या वाड्याशी संबंध आहे, पक्का आहे."

चेअरमननी मिशीवर हात फिरवला. चौघांकडं वळून बघितलं.

"देशमुखांचा जो घोडा होता," मुन्शीजी शांतपणे म्हणाले, "त्याला चारा घालायचं काम तुमच्या पणजोबांकडं होतं."

चांदभाई छताकडं बघायला लागले. मला वाटलं, आता मुन्शीजींची बदली होणार. चेअरमननी कागद उलटसुलट केला, मग म्हणाले, "घोडा तरी जातिवंत हुता का?"

"अरबी होता."

"मग लावा फ्रेम!"

*

मुन्शीजी रिटायर झाले, पण आठवडी बाजाराच्या दिवशी कचेरीत यायचेच. माझ्यासमोर बसून चहा घ्यायचे. त्यांच्या खुर्चीवर आता मी होतो. एखादा शब्द अडला की त्यांच्यापुढं धरायचा. त्यांनी सांगितला की विषय संपला. साहेब कुणीही असो, मुन्शीजींच्या वाचनावर कधी कुणी शंका घेतली नाही.

तेव्हा माकणीकडं तेरणेवर धरणाचं काम चाललं होतं. पाण्याखाली जाणाऱ्या एका गावची यादी आमच्याकडं होती. नव्या गावठाणात दर घराला एक प्लॉट. घर ज्याच्या नावावर, प्लॉट त्याला.

त्या बाजारच्या दिवशी सोजरबाई आली. साठीच्या आतबाहेरची, किडकिडीत, हातात एसटीचं तिकीट घट्ट धरलेलं.

"साहेब, बापाच्या घरात म्या ऱ्हाते. नवऱ्यानं टाकल्यापासनं तितंच हाय. बापाचं हागणंमुतणं म्या काढलं. चूल माजी, जातं माजं. आन् प्लॉट निगाला चुलत भावाच्या नावानं. आता पानी आलं की म्या कुठं जावं?"

"बापाचं नाव?"

"नामदेव. नामदेव इठोबा."

मी बस्ता काढला. मयताच्या नोंदींचं रजिस्टर. पान लागलं. आणि पान लागताक्षणी मी ते अक्षर ओळखलं. ज्या अक्षरावरून मी उर्दू गिरवली, ते मला कळणार नाही? खाली सहीही होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी मुन्शीजी त्या भागात गावोगाव हिंडून अशा नोंदी लिहीत असत, हे मला ठाऊक होतं.

मी रजिस्टर मिटायला लागलो. "जुनं आहे. अक्षर लागत नाही."

मुन्शीजींनी कप खाली ठेवला. "लागत नाही? मी शिकवलंय तुम्हाला. वाचा."

शिवलिंग माझ्या खांद्यावरून बघत होता. त्यानंही ओळखलं.

"वाचा सरवदे. बाई ताटकळल्यात."

मग वाचावंच लागलं. "नामदेव वलद विठोबा. ला-वलद फौत."

"म्हंजे काय वं?" सोजरबाईनं विचारलं.

'ला' म्हणजे नाही. मी मान खाली घालून सांगितलं, "मूलबाळ नसताना वारले, असं लिहिलंय. म्हणून घर चुलत्याकडं गेलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. ना रागावली, ना रडली. "मंग म्या कोन हाय?" म्हणाली.

चांदभाई तोंड फिरवून बाहेर गेले.

मुन्शीजींनी हात पुढं केला. रजिस्टर घेतलं. चष्मा लावला. स्वतःचं अक्षर, स्वतःची सही. मग विचारलं, "बाई, ही नोंद लिहिली तेव्हा तुम्ही घरात होता?"

"व्हय की. सोळा-सतराची आसंन. एक बामनाचं पोरगं आलतं घोड्यावर बसून. वसरीत म्याच घोंगडं हातरलं त्येला."

"मग सांगितलं का नाही तुम्ही, की मी नामदेवची मुलगी म्हणून?"

"मला कोन इचारतंय? त्येनं चुलत्याला इचारलं, पोरगा हाय का? चुलता म्हनला, न्हाय. त्येनं लिवलं आन् गेला."

मुन्शीजींनी आपल्या सहीवर बोट ठेवलं. शिवलिंग पुढं वाकून हळू आवाजात म्हणाला, "मुन्शीजी, चाळीस वर्सांची गोष्ट. दुसरा कायतरी मार्ग काढू की आपण. तुमच्या नावाला बट्टा कशाला?"

"कोरा कागद घ्या, बाईंचा अर्ज लिहा. साक्ष माझी," मुन्शीजी म्हणाले.

महिन्याभरानं साहेबांपुढं सुनावणी झाली. मुन्शीजींनी उभं राहून जबाब दिला. "ही नोंद माझी आहे. ती खोटी आहे."

साहेब चकित. "मुन्शीजी, चाळीस वर्षांपूर्वीची ही मुलगी तुम्हाला अजून आठवते?"

"आठवत नाही साहेब. तेच सांगायला आलोय. घोंगडं आठवतं, वसरी आठवते, पाणी प्यायल्याचं आठवतं. मुलगी आठवत नाही. समोर उभी होती आणि मला दिसली नाही."

चुलत भावाला विचारलं. तो दाराशी मान खाली घालून उभा होता. "ती हाय की नामदेवतात्याची. अख्ख्या गावाला ठावं हाय. न्हाय कोन म्हनतंय?"

साहेबांनी तिथंच हुकूम दिला. घराची नोंद सोजरबाईच्या नावानं, प्लॉटही तिला. नवी नोंद मी लिहिली, मुन्शीजींनी शेजारी बसून सांगितली. सोजरबाईचा अंगठा घेतला, शाई पुसायला फडकं दिलं. बाहेर माणसं खोळंबली होती. तिला म्हटलं, झालं बाई, निघा आता, गाडी चुकंल.

ती हलली नाही. मुन्शीजींच्या समोर जमिनीवर बसली. "काय लिवलं ते वाचून दावा."

मुन्शीजी खुर्चीवरून उठले, धोतर सावरत तिच्यासमोर खाली बसले आणि रजिस्टर मांडीवर घेतलं. "सोजरबाई वलद नामदेव."

"पुन्यांदा वाचा."

त्यांनी परत वाचलं.

"आजून एकदा."

दारात दाटी झाली होती. मुन्शीजींनी चष्मा काढला, उपरण्यानं डोळे पुसले, चष्मा परत लावला आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतलं.